रस्ता चुकावा, पण बेतानं

वाट वाकडी करायची मजा परतीची सोय असेपर्यंतच. म्हणून तयारी करायची ती परत फिरण्याची.

आधी इंधन. काटा निम्म्याखाली असेल तर अनोळखी फाट्याला वळू नका. टाकीतल्या इंधनाचे मनात तीन भाग करा: एक जायला, एक यायला, तिसऱ्याला हात लावायचा नाही. डॅशबोर्डवर दिसणारा 'इतके किलोमीटर बाकी' हा आकडा आधीच्या सरासरीवरून काढलेला असतो. महामार्गावरून उतरून खालच्या गिअरमध्ये चढ चढू लागलात की तो भराभर खाली येतो.

नकाशा निघण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून घ्या, आणि तोही ठरलेल्या रस्त्यापुरता नको. दोन्ही बाजूंचा निदान 50 किलोमीटरचा पट्टा हवा, नाहीतर भरकटल्यावर नेमका तुम्ही असाल तोच भाग कोरा दिसतो. जीपीएसला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, फोन उपग्रहांचे संकेत नुसते ऐकत असतो. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला. उलट, रेंज नसलेल्या भागात टॉवर शोधून शोधून बॅटरी उतरते. एअरप्लेन मोड लावला तरी बहुतेक फोनमध्ये जीपीएस चालू राहतं.

आता प्रत्यक्ष वळताना. मुख्य रस्ता सोडला की ट्रिप मीटर शून्यावर आणा, नकाशावर खूण करा आणि थोडं पुढे जाऊन थांबून मागे वळून बघा. हे मागे बघणंच लोक टाळतात. येताना तीच जागा उलट्या बाजूनं दिसते आणि ओळखू येत नाही. बहुतेक चुका जाताना नाही, परतताना होतात. पुढच्या प्रत्येक फाट्याला किलोमीटरचा आकडा आणि न हलणारी एखादी खूण टिपून ठेवा. उभी असलेली गाडी किंवा चरणारी गुरं ही खूण नव्हे!

वाट विचारताना 'हा रस्ता अमक्या गावाला जातो का?' असं विचारू नका, त्यावर 'हो' म्हणणं फार सोपं असतं. 'अमक्या गावाला कसं जायचं?' असं विचारा, म्हणजे समोरच्याला खरंच माहीत आहे की नाही ते कळतं. थोडं पुढे गेल्यावर आणखी एकाला विचारून खात्री करा.

उजेड किती उरलाय ते हातानं मोजता येतं. हात लांब करून आडवी बोटं क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये धरा (थेट सूर्याकडे टक लावू नका). एका बोटाला साधारण पंधरा मिनिटं. डोंगराळ भागात सूर्य लवकर आड जातो, तेव्हा एक-दोन बोटं कमीच धरा. निम्मा उजेड संपला की परत फिरायचं, पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी.

काही ठिकाणी मात्र उजेड असूनही माघारच बरी. गाडी वळवायला जागाच उरणार नाही इतका रस्ता अरुंद होत चालला असेल, किंवा ओला झाल्यावर परत चढता येणार नाही असा मातीचा उतार असेल तर पुढे जाऊ नका. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर मुळीच नको: 30 सेंटिमीटर वाहतं पाणी छोटी गाडी वाहून नेऊ शकतं, 60 सेंटिमीटर बहुतेक गाड्या.

पुरतेच हरवलात तर शेवटच्या खुणेपर्यंत मागे जा. 'पुढे कुठंतरी निघेलच' म्हणत शॉर्टकट शोधला की एका चुकीच्या दोन होतात. फोनमधलं होकायंत्र बघायचं तर गाडीपासून काही पावलं दूर जाऊन बघा, लोखंडाजवळ ते बहकतं.

मुद्दाम भरकटायचं असेल तर दिवसात दीड-दोन तास मोकळे ठेवा, फक्त मुक्काम पक्का करा आणि ॲपमध्ये 'महामार्ग टाळा' निवडून आवाज बंद करा. मुक्कामाकडे निघताना ती निवड आठवणीनं काढा. ती तशीच राहिली तर अंधारात पुन्हा आडवाटेनंच जावं लागेल.