लेव्होडोपाचा डोस वाढवण्याआधी: वेळ, पोट आणि ताट तपासा

कंपवाताच्या (पार्किन्सन) रुग्णाचे दुपारी पाय जमिनीला चिकटल्यासारखे होऊ लागले, की घरच्यांना वाटतं गोळी कमी पडतेय. बऱ्याचदा गोळी पुरेशी असते, पण मेंदूपर्यंत पोचत नाही.

या आजारात मेंदूतल्या डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. डोपामिन थेट दिलं तर ते रक्तातून मेंदूत शिरत नाही. लेव्होडोपा शिरतो आणि तिथे त्याचं डोपामिन बनतं. सोबतचा कार्बिडोपा हे रूपांतर वाटेतच होऊ देत नाही, म्हणून मळमळ कमी होते. या दोन्हींच्या सिंडोपा ११० या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा असतो, सिंडोपा प्लस १२५ मध्ये १०० आणि २५. कार्बिडोपा दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम जायला हवा. ११० च्या तीनच गोळ्या चालू असतील आणि मळमळ थांबत नसेल, तर हा हिशेब डॉक्टरांसमोर मांडा. केमिस्टकडे एकीच्या जागी दुसरी घेऊ नका.

लेव्होडोपा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात शोषला जातो. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने, पेलाभर पाण्यासोबत घ्यावी. प्रथिनांतली अमिनो आम्लं आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना याच औषधाशी स्पर्धा करतात. सकाळच्या गोळीवर लगेच मटकीची मिसळ किंवा मोठा पेलाभर दूध घेतलं, तर असर उशिरा येतो किंवा येतच नाही. दिवसा पोहे, उपमा, भात-भाजी ठेवा. उसळ, पनीर, अंडी, मासळी रात्रीकडे सरकवा. प्रथिनं बंद मात्र करू नका, वजन आणि ताकद दोन्ही जातात. आजार नवा असेल तर जेवणाचा फरक सहसा जाणवत नाही. अशा वेळी मळमळ होत असल्यास गोळीसोबत दोन साधी बिस्किटं चालतात. लोहाच्या गोळीत आणि या गोळीत किमान दोन तासांचं अंतर हवं.

बद्धकोष्ठता किरकोळ समजू नका. या आजारात पोट आधीच सावकाश रिकामं होतं, आणि गोळी पोटातच पडून राहिली तर असर लांबतो. पाणी, भाज्या, चालणं, आणि लागल्यास डॉक्टरांनी दिलेलं रेचक.

असर सुरू व्हायला अर्धा ते एक तास लागू शकतो. ठाणे स्टेशनचा जिना चढायचा असेल तर तेवढं आधी गोळी जायला हवी. घोडबंदर रोडवर गाडी अडकते, तेव्हा पुढचा डोस आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. सीआर गोळी, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी, कुटू किंवा चावू नये.

उलटीवर पेरीनॉर्म किंवा स्टेमेटिल, चक्करवर सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिन लिहून दिलं जात असेल, तर कंपवात असल्याचं तिथल्या तिथे सांगा. ही औषधं डोपामिनचं काम अडवतात किंवा कंपवाताची लक्षणं वाढवू शकतात. लेव्होडोपा एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं: अंग ताठरतं, तीव्र ताप येतो, जीवावर बेतू शकतं. ऑपरेशनसाठी दाखल होतानाही वेळापत्रक लिहून नर्सच्या हातात द्या.

तपासणीआधी तीन दिवस वही ठेवा: गोळीची वेळ, जेवण, शौच, कधी मोकळं वाटलं, कधी जखडलं. पुढच्या गोळीआधी जखडत असेल तर असर लवकर ओसरतोय. गोळीनंतर तासाभराने मान-हात आपोआप वळवळत असतील तर बहुधा त्या वेळी औषध जास्त होतंय. दोन्हींचा उपाय वेगळा आहे, म्हणून वळवळीला नुसतं ‘थरथर’ म्हणू नका. मोबाइलवर व्हिडिओ काढून न्यूरॉलॉजिस्टना दाखवा.