दहा-बारा वर्षांनी पुन्हा गेम खेळायला बसताना

२०१२-१३ च्या सुमारास सायबर कॅफेत तासाच्या हिशोबाने पैसे मोजून मित्रांबरोबर लॅनवर ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळलेली, किंवा कोणाकडून तरी आणलेली डीव्हीडी घरच्या कॉम्प्युटरवर टाकून उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढलेली मंडळी आता पस्तिशी-चाळिशीत आहेत. नोकरी आणि संसाराच्या धबडग्यात गेम मागे पडले. आता थोडी सवड मिळाली की पुन्हा खेळावेसे वाटते, किंवा घरातले मूल गेम मागते म्हणून त्या जगात डोकावणे भाग पडते. अशा वाचकांनी सुरुवात कशी करावी, पैसे कुठे घालावेत आणि कुठे हात आखडता घ्यावा, हे सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

या काळात ग्राफिक्स सुधारले हे खरे, परंतु खरा बदल तो नव्हे. पूर्वी गेम ही एक वस्तू होती: ती आणायची, खेळायची, संपवायची आणि मित्राला द्यायची. आज गेम ही बहुतांशी चालू राहणारी सेवा आहे आणि ती आपल्याकडून सतत काही ना काही मागत राहते. कधी पैसे, कधी रोजची हजेरी, कधी डिस्कवरची जागा, तर कधी अखंड इंटरनेट. त्यामुळे कोणताही गेम सुरू करण्यापूर्वी ‘हा गेम माझ्याकडून नेमके काय मागणार आहे?’ हा प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. पुढचे सारे याच प्रश्नाभोवती आहे.

पहिली मागणी जागेची असते. ‘जीटीए सॅन अँड्रियास’ एका डीव्हीडीवर मावत असे. २०१५ मध्ये ‘जीटीए ५’ ची पीसीवरील आवृत्ती आली तेव्हा तिला सात डीव्हीडी लागल्या, आणि २०२३ मधील ‘बाल्डर्स गेट ३’ साठी तर दीडशे जीबी मोकळी जागा लागते. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबी डेटावर एवढा गेम उतरवायचा म्हटले तर ७५ दिवस लागतील. ५० एमबीपीएसच्या फायबर जोडणीवरही जवळजवळ सात तास जातात. म्हणून मोठा गेम रात्री झोपताना डाउनलोडला लावावा आणि कॉम्प्युटर आपोआप स्लीपमध्ये जाणार नाही एवढे सेटिंग आधी पाहून घ्यावे. नवे यंत्र घेताना ग्राफिक्स कार्डाच्या आकड्यांकडे सगळ्यांचेच लक्ष असते, पण जुन्या फिरत्या हार्ड डिस्कऐवजी किमान एक टीबीची एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घेणे हा खर्च मी आधी करायला सांगेन, कारण आजचे अनेक गेम एसएसडी गृहीत धरूनच बनवलेले असतात. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवर किंवा आपल्या गावातल्या ओळखीच्या दुकानात जाताना ‘कोणता गेम, कोणत्या स्क्रीनवर खेळायचा आहे’ हे कागदावर लिहून न्यावे. त्याशिवाय मागितलेले कोटेशन हमखास फुगलेले निघते.

कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, घ्यायचा असेल तर डिस्क ड्राइव्हचा विचार आधी करावा. भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आलेला सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ५ डिस्क ड्राइव्हसह आणि ड्राइव्हशिवाय अशा दोन रूपांत मिळू लागला. ड्राइव्ह नसलेला स्वस्त पडतो, परंतु मग जुन्या डिस्क विकत घेणे, खेळून झाल्यावर विकणे, शेजाऱ्याशी अदलाबदल करणे हे सारे मार्ग बंद होतात आणि कंपनीच्या ऑनलाइन दुकानात जी किंमत लावलेली असेल तीच मोजावी लागते. वर्षाला तीन-चार गेम खेळणाऱ्याला ड्राइव्हचे जास्तीचे पैसे लवकर वसूल होतात, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट मालकीची. ‘विकत घ्या’ या बटनाचा अर्थ आता बदललेला आहे. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१५ च्या अखेरीस रुपयांत किमती आल्यापासून पीसीवरचे बहुतेक भारतीय खेळाडू तिथेच खरेदी करतात. २०२४ पासून तिथे पैसे भरताना स्पष्ट सूचना दिसते की आपण घेत आहोत तो गेम वापरण्याचा परवाना. ही केवळ कायद्याची भाषा नाही. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा गेम डिसेंबर २०१४ मध्ये आला, आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद झाल्यावर पैसे मोजून घेतलेल्यांनाही तो एकट्याने खेळता येईना. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि युरोपात तिच्या मागणीवर दहा लाखांहून अधिक नागरिकांनी सह्या केल्या. म्हणून गेमच्या पानावर ‘सिंगल-प्लेअर’ (एकट्याने खेळण्याचा) असे लिहिले आहे का, सतत ऑनलाइन राहावे लागते का, आणि दुसऱ्या एखाद्या कंपनीचे खाते उघडावे लागते का, हे पैसे भरण्याआधी वाचावे. जो गेम पुढे अनेक वर्षे आपल्याजवळ राहावा असे वाटते तो शक्य असेल तर जीओजीसारख्या दुकानातून घ्यावा, कारण तिथे मिळणारी इन्स्टॉल करण्याची फाइल आपल्याजवळ जपून ठेवता येते आणि ती चालवायला नंतर कोणाची परवानगी लागत नाही.

नवा गेम आला त्या दिवशीच घेण्याची घाई करू नये. डिसेंबर २०२० मध्ये ‘सायबरपंक २०७७’ इतक्या दोषांसह बाजारात आला की सोनीने तो आपल्या दुकानातून काढून घेतला आणि सहा महिन्यांनी परत ठेवला. पुढे तोच गेम दुरुस्त होऊन उत्तम झाला आणि किंमतही उतरली. सहा महिने ते वर्षभर थांबणाऱ्याला दुरुस्त झालेला गेम कमी पैशांत मिळतो. स्टीमवर घेतलेला गेम चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. हे दोन तास पहिल्या बैठकीतच मोजून खेळावेत: यंत्रावर नीट चालतो का, कंट्रोलर ओळखला जातो का, आणि मुख्य म्हणजे आपल्याला तो आवडतो का, एवढे त्यात ठरवता येते.

आता सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे, म्हणजे फुकट गेमकडे वळू. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि मार्च २०१८ मध्ये ‘पबजी मोबाइल’ आल्यावर ज्यांच्या घरी कधी कॉम्प्युटर नव्हता अशी गावोगावची मुलेही खेळू लागली. सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी त्यावर बंदी घातली, जुलै २०२१ मध्ये त्याचेच भारतीय रूप ‘बीजीएमआय’ आले, तेही २०२२ च्या जुलैत ॲपच्या दुकानांतून काढले गेले आणि मे २०२३ मध्ये अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तास व प्रौढांसाठी सहा तास अशा मर्यादांसह परतले. खेळ आपल्या हातात आहे असे वाटत असताना तो कधीही काढून घेतला जाऊ शकतो, हे त्या काळात खर्च करून बसलेल्या मुलांनी प्रत्यक्ष अनुभवले.

फुकट गेम पैसे कसे मिळवतो, हे समजून घेण्यासाठी मी एकदा माझ्या भाच्याशेजारी बसून त्याच्या गेममधले दुकान निवांतपणे पाहिले. त्याला हवा असलेला पोशाख १२० डायमंडला, म्हणजे त्या गेममधल्या चलनात, होता. डायमंडचा सर्वांत लहान गठ्ठा १०० चा, त्यापुढचा थेट ३१० चा. म्हणजे १२० हवे असतील तर एक तर लहान गठ्ठा दोनदा घ्यायचा, नाहीतर मोठा घ्यायचा. कसेही केले तरी काही डायमंड उरतात, आणि ते उरलेले डायमंड पुढच्या खरेदीचे आमंत्रण ठरतात. पडद्यावर कुठेही रुपये दिसत नव्हते आणि कोपऱ्यात घड्याळ उलटे चालले होते. आम्ही वहीत एका डायमंडची रुपयांत किंमत काढली, पोशाखाच्या डायमंडना त्या किमतीने गुणले आणि आकडा त्याच्यासमोर ठेवला. त्याने स्वतःच ॲप बंद केले. ही कृती प्रत्येकाने करावी: गेममधल्या चलनाचा रुपयांतला भाव काढून तो फोनवरच्या नोंदवहीत लिहून ठेवावा आणि प्रत्येक खरेदीआधी पाहावा.

बॅटल पासचेही तसेच आहे. २०१७ नंतर ‘फोर्टनाइट’ मुळे घराघरांत पोहोचलेली ही पद्धत वरवर स्वस्त वाटते. एकदा थोडे पैसे भरले की ठरावीक आठवड्यांच्या हंगामात खेळून बक्षिसे मिळवायची. परंतु ती मिळवायची तर रोज हजेरी लावून कामे पूर्ण करावी लागतात. म्हणून पास घ्यायचाच असेल तर हंगामाच्या शेवटी घ्यावा. अनेक गेममध्ये तोवर खेळून गाठलेल्या पायऱ्यांची बक्षिसे तेव्हा एकदम मिळतात, आणि आपण खरोखर किती खेळलो हेही दिसते. सोडतीसारख्या बंद पेट्यांवर मात्र एक रुपयाही घालू नये. आत काय निघेल हे माहीत नसताना पैसे लावायला लावणाऱ्या अशा पेट्यांना बेल्जियमच्या जुगारनियामक आयोगाने २०१८ मध्ये बेकायदा जुगार ठरवले, आणि माझ्या मते ते योग्यच होते.

व्यवस्था लावायची तर प्ले स्टोअरमध्ये गेमच्या पानावर ‘ॲपमधील खरेदी’ या शब्दांपुढे किमान आणि कमाल किंमत दिलेली असते, ती आधी पाहावी. प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागणारे सेटिंग चालू करावे, कार्ड साठवून ठेवू नये आणि यूपीआयची ऑटोपे परवानगी कधी दिली असेल तर ती रद्द करावी. महिन्याचा आकडा ठरवून तेवढीच रक्कम गिफ्ट कार्डाने खात्यात टाकणे ही सर्वांत सोपी मर्यादा आहे.

घरात मूल खेळत असेल तर आणखी एक बदल पालकांनी समजून घेणे गरजेचे आहे. आपल्या वेळचा गेम एस्केप दाबला की थांबत असे. आजचा ऑनलाइन सामना थांबवता येत नाही. तो वीस ते तीस मिनिटे चालतो आणि मध्येच उठले तर संघातले सोबती अडचणीत येतात. ‘जेवायला ये’ म्हटल्यावर ‘ही मॅच संपली की येतो’ हे उत्तर म्हणूनच नेहमी बहाणा नसते. वाद टाळायचा तर अर्धा तास आधी सांगावे आणि नवी मॅच सुरू करू नये एवढाच नियम ठेवावा. अँड्रॉइडवर फॅमिली लिंक आणि आयफोनवर स्क्रीन टाइम यांतून वेळ आणि खरेदी दोन्हींवर पालकांची संमती लावता येते. अनोळखी माणसांशी बोलण्याची सोय, म्हणजे व्हॉइस चॅट, फक्त मित्रयादीपुरती ठेवावी.

जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ ला आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असले, तरी खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा गेमला प्राधान्य मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळणे चालूच राहणे, असे साधारण बारा महिने दिसले तरच ते निदान होते. परीक्षेनंतर चार दिवस रात्री जागून खेळलेल्या मुलाला आजारी ठरवू नये; महिनोन्‌महिने झोप, शाळा आणि मित्र सुटत चालले असतील तर मात्र वेळ न दवडता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. पैसे लावून पैसे जिंकण्याचे आमिष दाखवणारे ॲप हा वेगळाच विषय आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या कायद्याने असे खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे यांवर बंदी घातली आहे. घरातल्या कोणाच्याही फोनवर ते असतील तर काढून टाकावेत.

इतक्या सूचनांनंतर सुरुवात कशाने करावी, हे सांगायला मला मनापासून आनंद वाटतो, कारण याच दहा-बारा वर्षांत छोट्या चमूंनी, क्वचित एकट्या माणसाने बनवलेले गेम जगभर पोहोचले. २०१६ मधील ‘स्टारड्यू व्हॅली’ हा शेतीचा गेम एरिक बॅरोन यांनी एकट्याने बनवला. तो साध्या लॅपटॉपवर चालतो, इंटरनेट मागत नाही आणि आत काहीही विकत नाही. आपल्या पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने २०२० मध्ये ‘राजी’ आणला. हरवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, वाडे-मंदिरांची शिल्पे आणि पुराणातले देव-दैत्य यांनी भरलेले त्यातले जग पाहताना परक्या देशात आल्यासारखे वाटत नाही. हे दोन्ही कधीही थांबवता येतात, म्हणजे संसारी माणसाला सोयीचे.

पहिल्या संध्याकाळी गेम उघडल्यावर लगेच ‘स्टार्ट’ दाबू नये, आधी सेटिंगमध्ये जावे. २०२० मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ ने साठाहून अधिक सुलभता-सेटिंगे दिली, आणि आता अनेक गेममध्ये अक्षरे मोठी करणे, रंग बदलणे, नेम धरायला मदत घेणे, बटने आपल्या सोयीने लावणे शक्य आहे. सबटायटल चालू करून अक्षरे सोफ्यावरून चष्म्याशिवाय वाचता येतील एवढी मोठी करावीत, काठिण्य ‘सोपे’ वर ठेवावे आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवून खेळायला बसावे.