मुलाचं दप्तर: विकत घेताना आणि रोज भरताना

दुकानात जाण्याआधी मुलाला वजनकाट्यावर उभं करा. जे वजन येईल त्याचा दहावा भाग ही भरलेल्या दप्तराची कमाल मर्यादा. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये हाच निकष लावला आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तोच आहे. त्यात इयत्तेनुसार आकडेही दिलेत: पहिली-दुसरीला १.६ ते २.२ किलो, तिसरी ते पाचवीला १.७ ते २.५ किलो, सहावी-सातवीला २ ते ३ किलो. बालवाडीतल्या मुलांना दप्तरच नको, असं धोरण म्हणतं.

तिसरीतलं मूल २५ किलोचं असेल तर हिशेब अडीच किलोचा. त्यात डबा आला, पाणी आलं आणि दप्तराचं स्वतःचं वजनही आलं. एक लिटरची बाटली भरून दिली की एक किलो तिथेच संपला.

दप्तर निवडताना

आधी रिकामं दप्तर हातात उचलून बघा. लहान मुलासाठी ते अर्ध्या किलोच्या आसपास असावं. चाकांच्या दप्तराचा मोह होतो, पण आपल्या बहुतेक शाळांत जिने चढायचे असतात आणि तेव्हा ते धूड शेवटी हातातच येतं.

मग माप. कपडे आपण वाढत्या अंगाचे घेतो, दप्तर तसं घेऊ नये. रुंदीला ते मुलाच्या पाठीपेक्षा मोठं नको आणि त्याचा तळ कमरेशी टेकायला हवा, फार तर चार बोटं खाली. शिवाय मोठं दप्तर कधी रिकामं राहत नाही. जागा दिसली की त्यात काहीतरी जातंच.

पट्टे दोन, रुंद आणि आत स्पंज असलेले. ते जिथे शिवलेत तिथे दुहेरी शिलाई आहे का, हे बोटाने ओढून पाहा, कारण दप्तर बहुधा तिथेच उसवतं. मूल रिक्षाने शाळेत जात असेल तर वरचा हँडलही तसाच तपासा. रिक्षाकाका सगळी दप्तरं बाहेर टांगतात आणि अख्खा भार त्या एका पट्टीवर येतो. चेन मुलाला स्वतःला उघडता-लावता आली पाहिजे. चित्र मुलाच्या पसंतीचं असू द्या, तिथे वाद घालू नका.

पाठीवर लावून बघताना आत थोडी पुस्तकं घाला. रिकामं दप्तर कोणालाही बरोबरच बसतं.

भरताना

रात्री, वेळापत्रक समोर ठेवून. सकाळच्या घाईत सगळ्याच विषयांच्या वह्या कोंबल्या जातात.

आधी दप्तर पूर्ण रिकामं करा. तळाशी जुने खडू, चॉकलेटचे कागद, मागच्या आठवड्याची चित्रकलेची वही, कुठल्यातरी मित्राची पट्टी हमखास निघते. मग सर्वांत जाड पुस्तकं पाठीला लागून उभी लावा. भार पाठीपासून लांब गेला की तो मुलाला मागे ओढतो आणि तोल सांभाळायला मूल पुढे वाकून चालतं. त्यापुढे वह्या, पुढच्या कप्प्यात कंपासपेटी आणि रुमाल. डबा वेगळ्या कप्प्यात, उभा आणि घट्ट झाकणाचा. पातळ भाजी द्यायचीच असेल तर डबा वेगळ्या छोट्या पिशवीत द्या, नाहीतर भूगोलाच्या वहीला तेल लागलंच म्हणून समजा. बाटली एका बाजूच्या खिशात ठेवली तर दुसऱ्या बाजूला छत्री ठेवा, म्हणजे दप्तर एकीकडे झुकत नाही.

आता भरलेलं दप्तर काट्यावर ठेवा. बहुतेक वेळा ते मर्यादेपेक्षा जास्तच भरतं. शाळेत पिण्यालायक पाणी असेल तर बाटली अर्धीच भरा. दोनशे पानी वहीऐवजी शंभर पानी घ्या. संपली की दुसरी. बालभारतीच्या पुस्तकांतच वहीची पानं घालण्याचा प्रयोग २०२३-२४ पासून झाला होता, पण मुलं वह्याही आणतच राहिली आणि शासनाने तो मागे घेतला. तेव्हा वही राहणारच, ती पातळ ठेवणं एवढंच आपल्या हातात आहे. बाकावर शेजारी बसणाऱ्या दोघांनी पुस्तकं वाटून आणली तर चालेल का, हे बाईंना जरूर विचारा. व्यवसायमाला आणि गाईड घरीच राहू देत.

पाठीवर घेताना

दप्तर खुर्चीवर किंवा पलंगावर ठेवून, त्याच्याकडे पाठ करून दोन्ही हात पट्ट्यांत घालायला शिकवा. जमिनीवरून झटक्यात एका खांद्यावर घेण्याची सवय लागली की मोडणं कठीण जातं. पट्टे इतके आवळा की दप्तर पाठीला चिकटून राहील. मोठी मुलं मुद्दाम ते खाली लोंबू देतात. त्यांना ऐटीबद्दल बोलून उपयोग होत नाही. पट्टे आवळून एकदा जिना चढायला लावा, फरक त्यांनाच कळतो.

अधूनमधून खांदे बघा. पट्ट्यांचे लाल वळ, हाताला मुंग्या, चालताना पुढे झुकणं यांतलं काही दिसलं तर आधी वजन कमी करा. तरीही दुखत राहिलं तर डॉक्टरांना दाखवा.

शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणजे पाऊस सोबत आलाच. दप्तराचं कापड वॉटरप्रूफ म्हणून विकलं तरी चेनमधून पाणी शिरतं. रेनकव्हर घ्या किंवा आत वह्यांना एक जाड प्लास्टिकची पिशवी घाला. भिजून आलं तर सगळं बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि दप्तर पंख्याखाली उलटं टांगून ठेवा.