जुना इलेक्ट्रिक पियानो किंवा ऑर्गन घेताना, राखताना आणि अ‍ॅम्पला जोडताना

ऱ्होड्स, वुर्लिट्झर आणि क्लॅव्हिनेट ही विजेवरची पियानोसारखी वाद्यं, हॅमंड हा ऑर्गन. ऱ्होड्समध्ये टाइन म्हणजे पोलादी काडी थरथरते, वुर्लिट्झरमध्ये रीड म्हणजे धातूची पातळ पट्टी, क्लॅव्हिनेटमध्ये तार. हॅमंडमध्ये दातेरी चकती (टोनव्हील) चुंबकासमोरून फिरते. सूर आधी तिथे जन्मतो, इलेक्ट्रॉनिक्सचं काम त्यानंतर सुरू होतं. म्हणून जुनं वाद्य पाहताना पहिली नजर जाऊ द्या ती हलणाऱ्या भागांवर. लाकडावरचे ओरखडे, फाटलेलं टोलेक्स (पेटीवरचं प्लास्टिकचं आवरण), तुटलेली नॉब यांनी आवाजाला काही होत नाही. कपॅसिटर, रेझिस्टर आणि व्हॉल्व्ह आजही नवे मिळतात. ऱ्होड्सचा गंजलेला हार्प (टाइन आणि पिकअप बसवलेली चौकट) किंवा हॅमंडचा जाम झालेला जनरेटर (चकत्या फिरवणारं यंत्र) मात्र कित्येक महिने खातो.

बघायला जाताना छोटा अ‍ॅम्प, चांगली केबल, टॉर्च, स्क्रूड्रायव्हर, ट्यूनर आणि मल्टीमीटर सोबत न्या. वाद्य आधीपासून चालू करून ठेवू नका, असं विक्रेत्याला सांगून ठेवा. थंड वाद्य सुरू होताना जे दोष दिसतात ते अर्ध्या तासाने लपतात. मग डावीकडून उजवीकडे प्रत्येक पट्टी आधी हळू, मग जोरात वाजवा आणि बिघडलेले सूर कागदावर टिपून घ्या. एकेकट्या सुरापेक्षा त्यांचा नमुना जास्त बोलतो. व्हॉक्स कॉन्टिनेंटल किंवा फार्फिसासारख्या ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये हे फार स्वच्छ दिसतं. तिथे सूर निर्माण करणारी बारा मुख्य सर्किटं, म्हणजे ऑसिलेटर, असतात आणि खालची सप्तकं वारंवारता निम्मी करणाऱ्या डिव्हायडर सर्किटमधून मिळतात. एकच स्वर सगळ्या सप्तकांत गप्प असेल तर त्याचा ऑसिलेटर गेला आहे. वर वाजतो पण एका सप्तकापासून खाली गप्प आहे, तर तिथला डिव्हायडर गेला. एकच पट्टी खरखरते, तर फक्त तिचा संपर्क मळला आहे. शेवटचं काम अर्ध्या तासाचं, आधीची दोन सोल्डरिंग येणाऱ्याची.

किंमत ठरवण्यापूर्वी वाद्याच्या मागची पाटी वाचा. त्यावर व्होल्टेज आणि हर्ट्झ दोन्ही असतात. व्होल्टेजचा फरक स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर सांभाळतो, हर्ट्झचा नाही. ऱ्होड्स, वुर्लिट्झर, व्हॉक्स यांना वारंवारतेने सुरात फरक पडत नाही. हॅमंडची मोटर सिंक्रोनस असते, म्हणजे तिचा वेग विजेच्या वारंवारतेला बांधलेला असतो. ६० हर्ट्झसाठी बनलेला हॅमंड ५० हर्ट्झवर लावला की चकत्या ५/६ वेगाने फिरतात आणि सगळं वाद्य तीन अर्धस्वरांहून थोडं जास्त उतरतं. सी दाबला तर ए पेक्षाही किंचित खालचा सूर येतो. उपाय दोनच: शुद्ध साइन वेव्ह देणारा फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर, किंवा मुळातच ५० हर्ट्झसाठी बनलेला ऑर्गन. कंपनीने तसेही बनवले होते.

हॅमंड

पहिला हॅमंड १९३५ साली आला. ज्याच्यामागे सगळे लागतात तो बी-३ त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी. आत ९१ चकत्या, ६१ पट्ट्यांची दोन मॅन्युअल (कीबोर्ड) आणि प्रत्येक पट्टीखाली नऊ संपर्क. सी-३ मध्ये आतलं सगळं तेच असतं, फक्त पेटी वेगळी, आणि ए-१०० मध्ये त्याच यंत्राला आतलेच स्पीकर जोडलेले असतात. घर लहान असेल तर ४४-४४ पट्ट्यांचा एम-३ घ्या. टोनव्हीलचा आवाज त्यातही तोच आहे आणि तो उचलायला चार माणसं लागत नाहीत.

सुरू करायची रीत ठरलेली आहे. स्टार्ट स्विच साधारण आठ सेकंद दाबून धरा. यंत्र वेग घेतं तो आवाज ऐकू येतो. मग स्टार्ट न सोडता रन चालू करा, आणखी चार सेकंद थांबा आणि स्टार्ट सोडा. सोडल्यावर वेग पडला तर रन मोटर (वेग कायम ठेवणारी) पकडत नाही. स्टार्ट दाबल्यावर नुसती गुणगुण येऊन काहीच फिरलं नाही, तर आतलं तेल सुकून घट्ट झालं आहे. अशा वेळी स्विच दाबून धरू नका, मोटर तापते. तेल घाला, काही दिवस थांबा, मग वीज काढून, मागची फळी उघडून शाफ्ट हाताने फिरवून पाहा.

तेल वर्षातून एकदा घालायचं. जनरेटरवर छोटी फनेलं असतात. तिथून सुताचे धागे निघून प्रत्येक बेअरिंगपर्यंत जातात आणि तेल त्या धाग्यांतून झिरपत पोचतं. म्हणूनच तेल पातळ आणि न गोठणारं हवं. हॅमंडसाठी विकलं जाणारं तेलच वापरा. शिलाई मशीनचं किंवा गंज सोडवायचा स्प्रे घातला तर काही वर्षांत धागे चिकटून बंद होतात आणि मग बेअरिंग एकेक करून कोरडी पडतात. फनेल अर्धं भरलं की थांबा. व्हायब्रेटो स्कॅनरच्या (सुराला कंप देणाऱ्या भागाच्या) फेल्टला थेंबभरच पुरतं, कारण जास्तीचं तेल स्कॅनरच्या आत शिरतं आणि व्हायब्रेटो खरखरू लागतो.

पुष्कळदा नवखा माणूस ऑर्गन चालू करतो, ड्रॉबार (सुरांचं मिश्रण ठरवणारे ओढायचे दांडे) ओढतो आणि वाद्य बंद आहे असं समजतो. डावीकडच्या उलट्या रंगाच्या बारा पट्ट्या म्हणजे प्रीसेट, आधीच ठरवलेले आवाज निवडायच्या. ड्रॉबार ऐकू यायला त्यातली ए शार्प किंवा बी दाबलेली असावी लागते.

एखादा सूर गप्प असेल तर दोष चकतीत की संपर्कात, हे उघडण्याआधीच कळतं. डावीकडून तिसरा ड्रॉबार एकटा ओढा आणि गप्प असलेली सी वाजवा. मग तो आत ढकला, चौथा एकटा ओढा आणि एक सप्तक खालची सी वाजवा. दोन्ही वेळा तीच चकती वाजायला हवी. दुसऱ्यांदा आवाज आला, तर पहिल्या पट्टीचा संपर्क मळला आहे. दोन्हीकडे शांतता असेल, तर चकती, तिची कॉइल किंवा फिल्टर पाहावं लागेल. संपर्कांसाठी मॅन्युअलच्या टोकाला बसबार (संपर्क ज्यावर टेकतात ती धातूची सळई) सरकवणारा स्क्रू असतो. तो अर्ध्या फेऱ्याने फिरवला की संपर्क बारच्या ताज्या जागेवर टेकतात. ड्रॉबारची खरखर प्रत्येक ड्रॉबार वीस-पंचवीस वेळा आतबाहेर केल्याने बहुतेक जाते. आत स्प्रे मारू नका. धूळ भिजून खोल बसते आणि मग मॅन्युअल काढल्याशिवाय निघत नाही.

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातले ऑर्गन घेताना फोमबद्दल नक्की विचारा. मॅन्युअलमधल्या फोमच्या पट्ट्या कालांतराने चिकट लगदा होतात आणि त्यातली रसायनं तारा खातात. हे साफ करायचं तर मॅन्युअल पूर्ण खोलावं लागतं. आधीच्या ऑर्गनमध्ये मेण-कागदाचे कपॅसिटर मूल्य बदलून बसलेले असतात आणि वरचे सूर मंद होतात. ते सगळे बदलले की आवाज झळझळीत होतो. माझं मत असं की सूर एकसारखे असतील तर त्या कपॅसिटरना हात लावू नये. तो जरा विझलेला स्वरही गोड असतो, आणि एकदा गेला की परत येत नाही.

ऱ्होड्स

हार्पवर चार आकडी शिक्का शोधा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३७८ म्हणजे १९७८ चा तेविसावा आठवडा. पण एकाच वाद्यात दोन वर्षांचे भाग निघू शकतात, म्हणून शिक्क्यावर एवढा भरवसा ठेवू नका की हॅमर बघायचेच राहतील.

झाकण काढा. हॅमरच्या रबरी टोकावर टाइनने खोल चर पाडला असेल तर आवाज टणक आणि ठक्कन येतो. असा संच पूर्ण बदलावा. दोन-चारच टोकं बदलली तर सूर असमान होतात. पट्टी सोडल्यावरही सूर वाजत राहिला तर डॅम्परचं फेल्ट झिजलंय किंवा त्याचा हात वाकलाय. एकदा दाबून दोनदा ठोका पडला तर हॅमर थांबण्याच्या जागी टाइनच्या फार जवळ आहे.

सूर लावायला टाइनवरची छोटी स्प्रिंग सरकवायची. टोकाकडे सरकली की सूर उतरतो, मुळाकडे आली की चढतो. सरकवल्यावर चार-पाच वेळा जोरात वाजवून पुन्हा मोजा. स्प्रिंग थोडी जागा घेते आणि पहिलं माप फसवं असतं.

खरा गोडवा मात्र टाइन आणि पिकअप (तिची थरथर विजेत बदलणारं चुंबक-कॉइल) यांच्या नात्यात आहे. टोनबारच्या (टाइन जिला जोडलेली असते त्या धातूच्या पट्टीच्या) दोन स्क्रूंनी टाइन वरखाली होते. पिकअपच्या बरोबर मध्यावर आणली तर मूळ सूर मागे पडतो आणि वरच्या सप्तकाचा सूर पुढे येतो, कारण टाइन दोन्ही बाजूंनी सारखी झुलते. किंचित वर ठेवली की मूळ सूर भरतो आणि त्या ओळखीच्या घंटेचा नाद त्याच्या जोडीला राहतो. स्क्रू पाव फेरा फिरवा, वाजवा, ऐका, मग पुन्हा पाव फेरा. शेजारच्या सुराशी जुळवत पुढे जा, नाहीतर प्रत्येक सूर एकटा सुंदर आणि वाद्य मात्र विस्कळित, असं होतं. पिकअपचं अंतर खर्जात दीड मिलिमीटरच्या आसपास आणि तारसप्तकात ०.८ मिलिमीटर धरा. खर्जाची टाइन खूप झुलते. जवळ आणली तर पिकअपला धडकते आणि स्पीकरमध्ये फटकारा ऐकू येतो.

मेलेला सूर टाइनमुळे की पिकअपमुळे, हे पाहायला अ‍ॅम्प चालू ठेवून पोलादी स्क्रूड्रायव्हरचं टोक पिकअपच्या नाकाजवळ हलकेच न्या-आणा. टकटक आली तर पिकअप जिवंत आहे, टाइन तुटली आहे. काहीच आलं नाही तर वीज बंद करून, एक टोक सोडवून मोजा. १८० ओहमच्या आसपास दिसायला हवं.

वुर्लिट्झर आणि क्लॅव्हिनेट

वुर्लिट्झर २०० आणि २००ए मध्ये रीडच्या टोकावर सोल्डरचा गोळा असतो आणि रीडच्या भोवतालच्या धातूच्या पट्टीला साधारण दीडशे व्होल्ट डीसी. झाकण काढण्याआधी प्लग काढा आणि काही मिनिटं थांबा. सोल्डर कानशीने घासलं की सूर चढतो, थेंब वाढवला की उतरतो. घासताना रीडखाली कागद ठेवा. कानशीचा एक कण फटीत अडकला की कडकड आवाज येतो. पोलाद कधीही घासू नका, रीड तिथेच मोडते. सूर लावण्याआधी रीडचा स्क्रू घट्ट आहे ना ते बघा, कारण अर्ध्या तक्रारी तिथेच संपतात. रीडवरचं धातूचं आवरण हरवलं असेल तर गुणगुण येणारच, त्यासाठी अ‍ॅम्प उघडू नका.

क्लॅव्हिनेट डी-६ मध्ये पट्टीखालचं रबराचं टोक तार दाबून धरतं. रबर सडलं की तारेला चिकटतं आणि पट्टी सोडल्यावर ओढल्यासारखा आवाज येतो. साठही टोकं बदला आणि तारा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून काढा. तारा आणि टोकं दोन्ही साफ न करता सूर लावणं व्यर्थ आहे.

विजेची जोडणी

दोन तारांची जुनी वायर काढून अर्थिंग असलेली तीन तारांची लावा. चॅसिस (आतला धातूचा सांगाडा) आणि विजेच्या वायरीमध्ये कंपनीने बसवलेला जुना कपॅसिटर असतो, तोही काढून टाका. तो शॉर्ट झाला तर चॅसिसवर वीज येते. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही काहीशे व्होल्ट साठलेले असतात. दहा किलोओहम, पाच वॉटच्या रेझिस्टरने कपॅसिटर रिकामे करा, मग मल्टीमीटरने मोजा आणि त्यानंतरच हात घाला. अनेक वर्षं बंद असलेला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प पहिल्यांदा सिरीज बल्ब (विजेच्या वाटेत ओळीने जोडलेला बल्ब) लावून चालू करा. बल्ब झगझगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे. हॅमंडच्या मोटरवर हा प्रयोग करू नका, कमी व्होल्टेजवर ती वेग पकडत नाही.

अ‍ॅम्प

ऱ्होड्सचं स्टेज मॉडेल पूर्ण पॅसिव्ह आहे, आत प्रीअ‍ॅम्प (आवाज आधी वाढवणारं सर्किट) नाही. त्यामुळे लांब केबलने आवाज मळतो. केबल छोटी ठेवा किंवा वाद्याजवळच बफर (लांब केबल पेलणारं छोटं सर्किट) लावा, आणि डीआय (वाद्य थेट मिक्सरला जोडायचा डबा) घ्यायचा तर उच्च इनपुट इम्पिडन्सचा. बारा इंची दोन स्पीकरचा आणि स्वच्छ भरपूर ताकदीचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प या वाद्याला सगळ्यात शोभतो. ट्वीटर असलेला अ‍ॅम्प पट्ट्यांची ठकठक आणि पिकअपची सळसळ पुढे आणतो. खर्ज थोडा कापा, नाहीतर डाव्या हाताचे कॉर्ड गढूळ होतात. व्हॉक्स, फार्फिसा मुळात तिखट असतात. गिटार अ‍ॅम्पचा ट्रेबल मध्यावर आणि थोडा स्प्रिंग रिव्हर्ब एवढं पुरतं.

हॅमंडला लेस्ली हवी, म्हणजे फिरत्या हॉर्न आणि ड्रममधून आवाज देणारी स्पीकरची पेटी. तिच्याशिवाय तो अर्धाच वाजतो. तिच्या १२२ आणि १४७ या दोन्ही मॉडेलांत ४० वॉटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प, पंधरा इंची वूफर आणि वरचे-खालचे सूर वेगळे करणारा ८०० हर्ट्झचा क्रॉसओव्हर असतो. दोन्हींचा प्लग सहा पिनांचा, पण जोडणी वेगळी. १२२ चा किट (ऑर्गनला लेस्ली जोडायचा संच) १४७ ला जोडू नका, नाहीतर सर्किट जळतं. मागची पाटी वाचून किट जुळवा. मंद वेग चालत नसेल तर बहुतेक वेळा छोटी मोटर सुकलेली असते, तिला तेलाचा एक थेंब द्या. वेग बदलल्यावर हॉर्न लगेच धावतो आणि खालचा ड्रम काही सेकंद घेतो. ड्रम अडखळत असेल तर आधी पट्ट्याचा ताण कमी करून पाहा, घट्ट पट्टा त्याला धरून ठेवतो.

मोठ्या जागेत लेस्लीला माइक लावायचे तर वर हॉर्नसमोर दोन, एकमेकांपासून अंतर ठेवून, आणि खाली ड्रमसमोर एक. जाळीपासून वीतभर मागे घ्या. अगदी जवळ गेलात तर हॉर्नच्या वाऱ्याची फुसफुस माइकमध्ये येते आणि वेगवान ट्रेमोलोत ती सुरापेक्षा मोठी होते.