गाडीचा एचडीआर फोटो काढताना: काळा रंग काळाच राहू द्या

एचडीआरमध्ये, म्हणजे कमी-जास्त उजेडाचे फोटो एकत्र करून, काढलेली माझी पहिली गाडी काळी सेडान होती. तीन फोटो एकत्र केले, एडिटिंगचे सगळे स्लायडर उजवीकडे नेले आणि मोठ्या हौसेने मालकाला दाखवले. त्यांनी विचारलं, "रंग असा राखाडी का आलाय?" मग मलाही दिसायला लागलं. टायर धुरकटले होते आणि छताच्या कडेने आभाळात पांढुरकी झालर आली होती. ज्या रंगासाठी त्यांनी ती गाडी घेतली होती, तोच मी घालवला होता.

गाडीचा फोटो अवघड जातो, कारण एकाच चौकटीत क्रोमवर चमकणारं ऊन असतं आणि चाकाच्या कमानीतला गडद अंधारही. उजेड स्टॉपमध्ये मोजतात; एक स्टॉप वाढला की प्रकाश दुप्पट होतो. चांगला सेन्सर कमी आयएसओला (प्रकाशाची संवेदनशीलता कमी ठेवल्यावर) साधारण १२ ते १४ स्टॉपचा फरक टिपतो, पण उन्हात उभ्या गाडीला तेवढा पुरेलच असं नाही. हा प्रश्न जुनाच आहे. १८५०च्या दशकात गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राच्या फोटोंसाठी आभाळाची आणि पाण्याची निगेटिव्ह वेगवेगळी घेऊन एकत्र छापायचा. आपण ब्रॅकेटिंगमध्ये (एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो घेताना) करतो तेही मुळात हेच.

कॅमेरा ट्रायपॉडवर, साधारण हेडलाइटच्या उंचीला. लेन्स ७० मिमीच्या पुढची, कारण जवळून वाइड लेन्स लावली की बंपर फुगतो. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं माप), व्हाइट बॅलन्स आणि फोकस दोन्ही लॉक, फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली. मग तीन फ्रेम: एक मधली, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त. बदलायचा तो फक्त शटरचा वेग. अ‍ॅपर्चर बदललं तर प्रत्येक फ्रेममध्ये धूसरपणा वेगळा येतो आणि फोटो नीट जुळत नाहीत. सगळ्यात गडद फ्रेममध्ये हायलाइट (सर्वात उजळ भाग) जळालेले नाहीत ना, हे हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेडाच्या आलेखावर, बघा. गाडी लाल असेल तर लाल चॅनल वेगळा तपासा. एकूण आलेख ठीक दिसतो आणि तेवढ्यात लाल रंग सपाट होऊन बसतो.

एका संध्याकाळी माझ्या सगळ्या फ्रेम्स किंचित हललेल्या निघाल्या. ट्रायपॉड घट्ट होता, वारा नव्हता. हेडलाइट लावायचे म्हणून इंजिन चालू ठेवलं होतं आणि अख्खी बॉडी बारीक थरथरत होती. तेव्हापासून हेडलाइटची फ्रेम मी इंजिन बंद ठेवून, वेगळी घेतो. तसंच बॉनेटकडेही लक्ष ठेवा. त्यात आभाळ दिसत असतं, ढग सरकतात आणि तीन फ्रेम जोडल्यावर तिथे दुहेरी सावल्या उमटतात. त्यामुळे ब्रॅकेटिंग भराभर उरका. सूर्य मावळल्यानंतरची वीसेक मिनिटं मला सर्वात आवडतात. तेव्हा आभाळ हाच एक मोठा, मऊ दिवा असतो.

पोलरायझर (प्रतिबिंबं कमी करणारा, लेन्सवर फिरवायचा फिल्टर) जरूर घ्या, पण तो फिरवताना गाडीकडे नीट बघा. पुढच्या काचेवरचं प्रतिबिंब जातं त्या कोनात दारांवरचं राहतं, आणि उलटही होतं. क्रोमसारख्या उघड्या धातूवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. बाजूच्या आणि मागच्या काचा टफन्ड असतील तर त्यांत जांभळट-निळसर डाग उठतात. तो काचेतला ताण दिसत असतो. मी दोन कोनांत दोन ब्रॅकेट घेतो आणि नंतर मास्कने (फोटोचा ठरावीक भाग निवडून) हवा तो भाग ठेवतो.

आता एडिटिंग, कारण नवशिक्यांची गाडी इथेच अडते. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये २०१५पासून एचडीआर मर्ज, म्हणजे फ्रेम जोडण्याची सोय, आहे. त्यातून निघणारी डीएनजी फाइल जवळपास रॉसारखी हाताळता येते, म्हणून सुरुवात तिथूनच करा. दुसरा मार्ग एक्स्पोजर फ्यूजनचा: प्रत्येक फ्रेममधला नीट उजळलेला भाग जास्त वजनाने घेऊन थेट अंतिम चित्र बनवायचं. गाडीसाठी मला फ्यूजन आणि हाताने केलेले मास्क जास्त भरवशाचे वाटतात. गाडीच्या रंगाचं सौंदर्य उजेडाकडून सावलीकडे सलग उतरत जाण्यात असतं. जोरदार टोनमॅपिंग (जोडलेल्या फोटोतला उजेडाचा मोठा फरक पडद्यात बसवणं) प्रत्येक ठिकाणी काँट्रास्ट शोधतं आणि तो उतार मोडून टाकतं. क्लॅरिटी (बारीक तपशील उठवणारा स्लायडर) वाढवली की पेंटवरचा संत्र्याच्या सालीसारखा पोत आणि धुताना पडलेले गोल ओरखडे वर येतात. क्लॅरिटी चाकांना, ग्रिलला आणि जमिनीला द्या. बॉनेट आणि दारं त्यातून वगळा.

माझा क्रम असा: आधी टायरचा काळा पक्का करतो, मग हेडलाइट आणि आभाळ सावरतो, बॉडी शेवटी. संपल्यावर १०० टक्के झूम करून छताच्या रेषेवरून सावकाश फिरतो. झालर दिसली तर त्या कडेला मूळ फ्रेममधलं आभाळ मास्कने परत आणतो.

फोटो विक्रीच्या जाहिरातीसाठी असतील तर मी बॉडीवरचा ओरखडा किंवा पोचा पुसत नाही आणि रंगही फिरवत नाही. घेणारा माणूस त्या फोटोवर विसंबून गाडी बघायला निघतो. काम घेतानाच मालकाला हे सांगून ठेवतो.