मेंदूतल्या जळजळीवर काम करायचंय? आधी मायक्रोग्लिया ओळखायला शिका

रत्नागिरी-सिंधुदुर्गातून बी.एस्सी. करून मेंदू-संशोधनाकडे वळणाऱ्यांच्या डोक्यात अल्झायमर म्हणजे अमायलॉइड या प्रथिनाचे मेंदूत साचणारे थर, एवढंच पक्कं बसलेलं असतं. तेवढ्यावर भागत नाही. ट्रेम-2 जनुकातल्या एका दुर्मीळ बदलाने अल्झायमरचा धोका वाढतो, हे 2013 मध्ये समोर आलं. आणि मेंदूत हे जनुक मुख्यतः मायक्रोग्लियात, म्हणजे तिथल्या रोगप्रतिकारक पेशींत काम करतं. 2016 च्या उंदरांवरच्या प्रयोगांत तर अमायलॉइडचे थर साचण्याआधीच या पेशी सिनॅप्स, म्हणजे चेतापेशींमधले जोड, गिळताना दिसल्या. सिनॅप्स घटले की स्मृती ढासळते, म्हणून हा धागा धरून वाचा.

हाताला पहिलं काम म्हणून आयबा-1 स्टेनिंग शिका, म्हणजे मायक्रोग्लियातलं आयबा-1 हे प्रथिन अँटिबॉडीने रंगवून त्या पेशी ओळखणं. उंदराचा मेंदू 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये फिक्स करून (ऊती कुजू नयेत म्हणून स्थिर करून) 30 ते 40 मायक्रॉनचे छेद घ्यायचे. 5 मायक्रॉनचा छेद घेतला तर पेशीच्या फांद्याच कापल्या जातात, निरोगी पेशीही गोलसर दिसते आणि नवखा तिला 'सक्रिय' ठरवून मोकळा होतो. फिक्सिंग जास्त झालं तर अँटिबॉडीला चिकटायची जागा झाकली जाते. मग पीएच 6 च्या सायट्रेट बफरमध्ये छेद गरम करून पाहावेत. प्राथमिक अँटिबॉडी, म्हणजे आयबा-1 ला थेट चिकटणारी, छेदांवर रात्रभर 4 अंशांवर ठेवा. सोबत तिच्याशिवायचा एक छेद हवाच, नाहीतर दिसणारी चमक खरी की दुय्यम (प्राथमिकला चिकटून चमक देणाऱ्या) अँटिबॉडीची, हे कळणार नाही. शिवाय आयबा-1 रक्तातून आलेल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींनाही रंगवतो, हे विसरू नका.

किनाऱ्यावरच्या पावसाळ्यात वीज जाते आणि अँटिबॉडी पुन्हापुन्हा वितळून गोठते, की ती वाया गेलीच. आणल्याबरोबर 5-10 मायक्रोलिटरच्या छोट्या नळ्यांत वाटून ठेवा. स्लाइडचा डबा फ्रीजरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका; दमट हवेत आत लगेच पाणी धरतं आणि छेद सुटतात.

मोजणीत सर्वांत जास्त घोटाळा होतो. 5 उंदरांचे प्रत्येकी 20 छेद मोजले तरी नमुना 5 चाच, 100 चा नव्हे. छेद कोणत्या गटातल्या उंदराचा, हे मोजणाऱ्याला माहीत नसावं.

पुढच्या शिक्षणासाठी गॅट-बी (जैवतंत्रज्ञानाची) किंवा जॅम (एम.एस्सी.ची) ही प्रवेश परीक्षा द्या. बंगळुरूची मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञानाची संस्था निमहान्स आणि मानेसरचं राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र एनबीआरसी ही नावं यादीत ठेवा. प्रयोगशाळेला पत्र लिहिताना 'न्यूरोसायन्सची आवड आहे' असं मोघम लिहू नका. त्यांचा एखादा शोधनिबंध वाचून त्यातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा.