तिसऱ्या घंटेआधीच आवाज संपवू नका

पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या दिवसांत पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ ही आरोळी घुमली नाही तर चुकल्यासारखं वाटतं. प्रेक्षकांनी ती जरूर द्यावी. पण तासाभरात ज्याला रंगमंचावर जायचंय तोही बाहेर शिरा ताणून ओरडत असतो आणि वर त्यालाच वॉर्मअप म्हणतो. मीही ओरडलोय. पहिल्याच मोठ्या वाक्याला आवाज चिरकला आणि उरलेली एकांकिका मी बोललो नाही, कशीबशी ढकलली.

न तापलेल्या गळ्यानं ओरडलं की स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात आणि सुजतात. वॉर्मअपमध्ये आवाज मोठा करायचा नसतो, मोकळा करायचा असतो. ओठ मिटून मधल्या पट्टीत गुणगुणा. लहान मूल गाडी चालवताना करतं तशी ओठांची फुर्रर्र करा आणि ती हळूहळू वर-खाली न्या. अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवून ‘ऊऽऽ’ म्हणत बुडबुडे काढा. पाहणारे हसतील, हसू द्या. हवा पुढे अडली की मागे हलका दाब तयार होतो आणि स्वरतंतूंची आपटाआपटी कमी होते. दहा मिनिटं पुरतात.

त्याआधी अंग. ‘सकाळपासून लेव्हल्स (नेपथ्याचे लाकडी चौथरे) उचलतोय, आणखी काय वॉर्मअप?’ हे प्रत्येक संघात कुणीतरी म्हणतंच. ओझं उचलताना खांदे वर चढतात, श्वास कोंडला जातो, जबडा आवळला जातो. म्हणजे आवाजाच्या नेमक्या उलट दिशेचं काम झालं. हात झुलवा, कंबर फिरवा, मान सावकाश वळवा, बोटांनी जबड्याचे सांधे चोळा. एकाच ताणात मिनिट-मिनिटभर थांबून राहू नका, स्नायूंचा जोर तात्पुरता कमी होऊ शकतो.

‘काळे राळे, गोरे राळे’ धडाधड म्हणायची शर्यत लावणं हीही चूक. ‘र’ला जिभेचं टोक वरच्या दातांमागे थरथरतं, ‘ळ’ला तेच टोक मागे वळतं. हा प्रवास आधी संथ, तोंड भरपूर उघडून करा. वेग नंतर आपोआप येतो.

पाण्याचं म्हणाल तर गिळलेलं पाणी स्वरतंतूंवरून जातच नाही, ते अन्ननलिकेत जातं. त्यामुळे प्रवेशाआधी बाटली रिचवून फक्त लघवी लागते. दिवसभर घोट घोट प्या. ऐन वेळच्या वडापावानं आम्ल वर येतं. मेंथॉलच्या गोळीनं थंड वाटतं खरं, पण गळा दुखावतोय हे कळत नाही. सारखं खाकरू नका, घोटभर पाणी गिळा.

स्पर्धा उशिरानंच चालतात हे गृहीत धरा. चारला तापवलेला गळा सातपर्यंत पुन्हा थंडावतो. म्हणून पूर्ण वॉर्मअप मेकअपच्या आधी करा, कारण चेहरा रंगल्यावर जबडा ताणायला कुणी धजत नाही. मग पहिल्या घंटेनंतर पाच मिनिटं फक्त गुणगुण आणि फुर्रर्र.

विंगेत तोंड कोरडं पडलं तर जीभ दातांवरून आतल्या बाजूनं फिरवा, लाळ सुटते. गुडघे थरथरत असतील तर भिंतीला दोन्ही तळवे लावून जोरात ढकला, सोडा, आणि श्वास घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडा.

आणि प्रयोगाच्या दिवशीच आवाज बसला तर? कुजबुजून ‘वाचवू’ नका, त्यात अनेकांचा गळा उलट ताणला जातो. गप्प बसा, वाफ घ्या आणि दिग्दर्शकाला आत्ताच सांगा, म्हणजे ओरडायच्या जागा खालच्या पट्टीत बसवता येतील. दोन-तीन आठवड्यांनीही आवाज घोगराच असेल तर ज्येष्ठमध बाजूला ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा.